चुकाऱ्याच्या दिवशी ठरणारं म्हातारपण

कापसाचा पहिला वेचा घरात येतो दसरा-दिवाळीच्या सुमारास. मग दुसरा, तिसरा, आणि पाणी असेल तर फरदडही, म्हणजे त्याच झाडांवर पुढे राखून घेतलेला कापूस. अकोट, मूर्तिजापूर, दर्यापूर या पट्ट्यात विकलेल्या कापसाचा चुकारा, म्हणजे वर्षभराचा पैसा, असा दोन-चार महिन्यांत हाती येतो. उरलेलं वर्ष कृषी केंद्राच्या उधारीवर आणि पीककर्जावर निघतं. निवृत्तीच्या नियोजनाचं शास्त्र मात्र बरीच वर्षं दरमहा पगार मिळणाऱ्या माणसाला समोर ठेवूनच वाढलं. किती टक्के बाजूला टाकावे, कशात गुंतवावे, एवढेच त्याचे प्रश्न. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत संशोधकांनी दुसराच प्रश्न हाती घेतला आहे: पैसा हातात पडतो त्या घडीला माणसाच्या मनात काय चालतं? या प्रश्नाने शास्त्र थेट आपल्या बांधावर आलं, आणि त्याची उत्तरं वाचताना मी अजूनही थक्क होतो.

आधी साधा हिशेब पाहू. अटल पेन्शन योजना 2015 साली सुरू झाली. साठीनंतर महिन्याला 5000 रुपये हवे असतील तर 18 वर्षांच्या पोराला दरमहा 210 रुपये भरावे लागतात, चाळिशीच्या माणसाला 1454. पोरगा 42 वर्षांत भरतो 1,05,840 रुपये. चाळिशीतला माणूस 20 वर्षांत भरतो 3,48,960. पेन्शन दोघांना सारखीच. मधले अडीच लाख नुसत्या काळाने भरले! चक्रवाढ आपण सगळेच शाळेत शिकलो, पण ती अशी समोरासमोर मांडली की अंगावर काटा येतो.

याच हिशेबाला दुसरी बाजू आहे. महागाई वर्षाला 5 टक्क्यांनी वाढत गेली, तर 42 वर्षांनंतरच्या 5000 रुपयांत आजच्या साधारण 650 रुपयांचाच किराणा येईल. असे हिशेब किती जणांना कळतात हे पाहायला अ‍ॅनामारिया लुसार्डी आणि ऑलिव्हिया मिचेल या अभ्यासकांनी 2004 पासून लोकांना तीन सोपे प्रश्न विचारायला सुरुवात केली: एक व्याजाचा, एक महागाईचा, एक जोखीम वाटून घेण्याचा. अमेरिकेत तिन्हींची बरोबर उत्तरं देणारे जेमतेम एक तृतीयांश निघाले. शिकलेल्या देशात ही गत, तर शेतकऱ्याला अडाणी म्हणायचा हक्क कोणालाच उरत नाही.

पण नुसतं कळून भागत नाही, आणि खरी नवलाची गोष्ट इथून पुढे आहे. 2013 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात तमिळनाडूच्या 464 ऊस उत्पादकांचा अभ्यास आला. त्याच शेतकऱ्यांना तोडणीच्या आधी आणि तोडणीनंतर आकृत्यांची तीच ती कोडी घातली. पैसा आल्यावर तेच लोक स्पष्टपणे सरस ठरले. गावोगाव ऊसतोडीच्या तारखा वेगवेगळ्या होत्या, त्यामुळे सण किंवा हवामान हे त्याचं कारण म्हणता येईना. बुद्धी तीच होती, टंचाईच्या काळजीने ती अडवून ठेवली होती. पेरणीच्या तोंडावर, खिसा रिकामा असताना, आपल्या माणसाला पेन्शनचं पत्रक वाचून दाखवणं म्हणूनच व्यर्थ आहे. सांगायचंच तर चुकारा मिळाल्यावर सांगावं.

आणि सांगून झाल्यावर? दिलीप सोमण आणि अमर चीमा यांनी भारतातच, आठवड्याला रोख मजुरी घेणाऱ्या बांधकाम मजुरांसोबत केलेला प्रयोग 2011 साली प्रसिद्ध झाला. मजुरीच्या दिवशी ठरलेली रक्कम बाजूला काढून पाकिटात बंद करायची, पाकीट घरातच ठेवायचं. कुलूप नाही, दंड नाही, केव्हाही फोडावं. काहींना एक पाकीट दिलं, काहींना तीच रक्कम दोन पाकिटांत विभागून. काही पाकिटांवर त्यांच्याच लेकरांचा फोटो चिकटवला. दोन पाकिटांवाल्यांची बचत जास्त झाली, फोटोवाल्यांचीही जास्त झाली. डिंकाने चिकटवलेली कागदाची एक घडी! ती फाडायच्या आधी हात क्षणभर थांबतो, आणि दोन पाकिटं असली की दोनदा थांबतो. एवढ्याशा थांबण्यात बचत तगते, याहून सुंदर शोध मला अर्थशास्त्रात क्वचितच दिसला आहे.

नोकरदारांसाठीही युक्ती सापडली. रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी यांनी कामगारांकडून आजच्या पगारातून काहीच मागितलं नाही. पुढच्या पगारवाढीतला वाटा फक्त कबूल करून घेतला. 40 महिन्यांत त्यांची बचत पगाराच्या 3.5 टक्क्यांवरून 13.6 टक्क्यांवर गेली. 1 नोव्हेंबर 2005 नंतर सेवेत लागलेल्या आणि जुनी पेन्शन हुकलेल्या अमरावतीच्या मास्तरांना ही युक्ती महागाई भत्ता वाढेल तेव्हा वापरता येईल.

कपात वऱ्हाडाला नवी नाही. 1972 साली कापूस एकाधिकार खरेदी योजना आली, आणि पुढे तिच्यात चुकाऱ्यातूनच भांडवल निधी कापला जाई. तो पैसा म्हातारपणासाठी नव्हता, पण वाट तीच होती: हाती पडण्याआधीच वाटा बाजूला. 2019 ची किसान मानधन योजना याच वाटेने जाते. दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याने वयानुसार दरमहा 55 ते 200 रुपये भरायचे, तेवढेच केंद्राने घालायचे, आणि साठीनंतर महिन्याला 3000 घ्यायचे. हा हप्ता पीएम-किसानच्या पैशातून परस्पर वळता करता येतो. अटल पेन्शनमध्येही सहा महिन्यांनी एकदा भरायची सोय आहे, म्हणजे एक हप्ता कापसाच्या हंगामात बसतो. मात्र दोन्ही योजनांत शिरायचं दार चाळिशीला बंद होतं. त्यापुढच्या गरीब माणसाला 65 व्या वर्षी राज्याच्या श्रावणबाळ योजनेचे महिना 1500 रुपये, तेवढाच सरकारी आधार.

अकोल्यात पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, अमरावतीत संत गाडगेबाबांच्या नावाचं विद्यापीठ आहे. दोघांनी मिळून एका हंगामात चार-सहा गावांत तो पाकिटांचा प्रयोग करून पाहावा असं मला मनापासून वाटतं. जिनिंगमध्ये काटा झाला, चुकारा मिळाला, की त्याच दिवशी घरी दोन पाकिटं: एक पुढच्या बियाण्याचं, एक म्हातारपणाचं. दुसऱ्यावर नवरा-बायकोचा जोडीने काढलेला फोटो असावा, आणि पाकीट बंद करताना दोघंही हजर असावीत.