थोडक्या पैशांतली भीति

छत्रपती संभाजीनगरजवळच्या देवगिरी किल्ल्यांतील ‘अंधारी’ ज्यांनीं पाहिली आहे, त्यांना भीति किती स्वस्तांत निर्माण होते हें सांगावयास नको. खडकांत कोरलेली वांकडीतिकडी वाट आणि डोळ्यांत बोट घातलें तरी दिसूं नये असा काळोख. एवढ्यावरच शत्रूची अर्धी हिंमत खचावी अशी ती योजना. भयपटाची कलाहि याच जातीची आहे, आणि ‘दो गज जमीन के नीचे’ हा १९७२ चा हिंदी बोलपट तिचा चांगला नमुना होय.

रामसे कुटुंबाचा मूळ व्यवसाय रेडिओच्या दुकानाचा. फाळणीनंतर फत्तेचंद रामसे यांनीं कराचीहून येऊन मुंबईस लॅमिंग्टन रोडवर दुकान थाटलें, आणि पुढें ते चित्रपटांच्या नादीं लागले. १९७० चा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ पडला. परंतु त्यांत मुखवटा चढवून चोरीस निघालेल्या पृथ्वीराज कपूर यांच्या दृश्यावर प्रेक्षक खूष होते, हें तुलसी व श्याम या पुत्रांनीं हेरलें. मग सुमारें साडेतीन लाखांत सगळें कुटुंब महाबळेश्वरास गेलें. कॅमेरा, ध्वनि, संकलन हीं कामें भावाभावांनीं वांटून घेतलीं. विश्रामगृह हाच वाडा झाला, आणि चाळीसेक दिवसांत चित्रण उरकलें.

कथा साधीच. धनलोभी पत्नीनें मारून पुरलेल्या नवऱ्याचा वावर पुन्हां घरांत जाणवूं लागतो. खरी करामत दारिद्र्यानें लादलेल्या संयमांत आहे. दिवे मोजके असले म्हणजे अर्धा चेहरा आपोआप अंधारांत जातो, आणि तेथें काय आहे तें प्रेक्षक स्वतःच्या मनांतून भरून काढतो. अमेरिकेंत झाक टूर्नर यांनीं १९४२ सालीं ‘कॅट पीपल’मध्यें हेंच केलें होतें. हौदांत पोहणाऱ्या तरुणीस भिवविणारें जनावर त्यांनीं दाखविलेंच नाहीं; भिंतीवर हलणारी सांवली आणि गुरगुर, बस्स! नुसत्या आवाजाची ही शक्ति रेडिओच्या दुकानांत वाढलेल्या मुलांस उमगली असल्यास नवल नाहीं.

दोष पुष्कळ आहेत. मध्येंच घुसडलेलीं गाणीं व पांचट विनोद यांनीं जमलेला रंग उडतो. सुशिक्षित घरांत या चित्रपटांचें नांव निघतांच नाकें मुरडलीं जातात, तींहि अगदींच अकारण नव्हे. पुढें याच बंधूंच्या १९८४ च्या ‘पुराना मंदिर’नें तुफान गर्दी खेंचली. तेथें सामरी नांवाचा राक्षस उजळ माथ्यानें हिंडतो. अनिरुद्ध अगरवाल यांची उंची पाहून पहिल्या दर्शनीं छाती दडपते खरी. तिसऱ्या-चौथ्या वेळीं मात्र प्रेक्षक निवांतपणें शेंगा सोलूं लागतो.