नंतर की मुळे?

गेल्या पावसाळ्यात सांगली जिल्ह्यातल्या एका गावी दहाव्याला गेलो होतो. गेलेला माणूस नात्यातलाच, वय 42. सकाळी शेतावरून आला, दाराच्या पायऱ्या चढताना छाती धरून खाली बसला आणि तालुक्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत संपला. नदीवरून परतल्यावर ओट्यावर टेकलेल्या मंडळींत कुणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, "लशीनंच न्हेलं बघा." कुणी हरकत घेतली नाही. दोघंतिघं मान हलवून गप्प राहिले.

आतल्या खोलीत त्याची बायको होती. तिनं ते ऐकलं. निघताना पाया पडायला वाकली तेव्हा खालच्या मानेनंच म्हणाली, "दादा, मीच मागं लागून पाठवलं हुतं त्यास्नी लशीला."

त्या घटकेला मला तिला नीट उत्तर देता आलं नाही. हा लेख तिच्यासाठी आहे, आणि तिच्यासारख्या घराघरांतल्या माणसांसाठी आहे.

शाळेच्या व्याकरणात शब्दयोगी अव्ययं शिकवताना 'नंतर' कालवाचक आणि 'मुळे' करणवाचक असं सांगतात. कोविडच्या लशीवरून चाललेला वाद या दोन अव्ययांमध्ये अडकून पडला आहे. लशीनंतर माणूस गेला, हे घरच्यांना डोळ्यांनी दिसतं. लशीमुळे गेला का, हे डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी मोजावं लागतं, आणि एकट्यादुकट्याला ते मोजता येत नाही.

आपल्याकडे लसीकरण 16 जानेवारी 2021 ला सुरू झालं आणि पुढं एकूण 220 कोटींहून जास्त मात्रा दिल्या गेल्या. देशातल्या बहुतेक सगळ्या प्रौढ माणसांनी निदान एक तरी सुई टोचून घेतली. दुसरीकडे 2021 या एका वर्षात देशात सुमारे 1 कोटी 2 लाख मृत्यूंची नोंद झाली, म्हणजे दिवसाला सरासरी 28 हजार. आता हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. जवळजवळ प्रत्येकानं लस घेतली असेल, तर आज अचानक जाणारा जवळजवळ प्रत्येक माणूस लस घेतलेलाच असणार. तेवढ्यावरून काहीच ठरत नाही. ठरवायचं तर गेलेल्यांची तुलना तशाच, पण जिवंत असलेल्या माणसांशी करावी लागते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं नेमकं तेच केलं. देशातल्या 47 मोठ्या रुग्णालयांच्या मदतीनं ऑक्टोबर 2021 ते मार्च 2023 या काळात अचानक गेलेल्या, वरवर धडधाकट असलेल्या, 18 ते 45 वयाच्या 729 जणांची माहिती घेतली. त्यांच्याशी वयानं, लिंगानं आणि वस्तीनं जुळणारी 2916 जिवंत माणसं तुलनेला घेतली. लस कधी घेतली, कोविड होऊन रुग्णालयात राहिला होता का, घरात आधी कुणी असं अचानक गेलं होतं का, शेवटच्या दोन दिवसांत दारू किती प्याली, अंगमेहनत किती झाली, असं सगळं विचारलं. लशीचे दोन डोस घेतलेल्यांमध्ये अचानक मृत्यूची शक्यता कमी निघाली. कोविडसाठी रुग्णालयात राहिलेल्यांमध्ये, घराण्यात अचानक मृत्यू झालेल्यांमध्ये, एका बैठकीत भरपूर दारू पिणाऱ्यांमध्ये, नशा करणाऱ्यांमध्ये आणि शेवटच्या दोन दिवसांत जोरकस अंगमेहनत केलेल्यांमध्ये ती जास्त निघाली.

त्या माउलीला मी आज सांगेन, की तुम्ही पाठवलंत ते बरोबर केलंत. लस घेतल्यावर काही वर्षांनी आलेल्या झटक्याचं खापर लशीवर फोडावं असा पुरावा या अभ्यासात सापडत नाही.

पण या अभ्यासाच्या जोरावर 'लशीचा कसलाच धोका नव्हता' असं जे ठणकावून सांगतात, त्यांचंही मला पटत नाही. अभ्यास सुरू झाला ऑक्टोबर 2021 पासूनच्या मृत्यूंवर. लसीकरणाचे पहिले साडेआठ महिने त्यात नाहीतच. आणि कोविशिल्डचा जो एक खरा, सिद्ध झालेला, दुर्मीळ धोका होता, तो लस घेतल्यानंतरच्या काही आठवड्यांत दिसणारा होता.

तो धोका नीट समजून घेऊ. मार्च 2021 मध्ये डेन्मार्क, नॉर्वे, जर्मनी या देशांनी अ‍ॅस्ट्राझेनेकाची लस थांबवली. ऑक्सफर्डमध्ये तयार झालेली तीच लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये कोविशिल्ड या नावानं बनत होती. काही जणांच्या मेंदूतल्या किंवा पोटातल्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होत होत्या आणि त्याच वेळी रक्तातल्या प्लेटलेट घटत होत्या. हे चक्रावून टाकणारं होतं, कारण प्लेटलेट कमी झाल्या की एरवी रक्तस्राव होतो, गुठळ्या होत नाहीत. जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्ड विद्यापीठाचे आंद्रेआस ग्राइनाखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही आठवड्यांत कोडं उलगडलं. प्लेटलेटमधून पीएफ-4 नावाचं एक प्रथिन बाहेर पडतं. लस घेतलेल्या अगदी थोड्या माणसांच्या शरीरात या आपल्याच प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. ती प्लेटलेटना चेतवतात, चेतलेल्या प्लेटलेट एकमेकींना चिकटून गुठळ्या करतात आणि त्यातच खर्ची पडतात.

हे कळल्याचा उपयोग फार मोठा झाला. गुठळी दिसली की डॉक्टरांचा हात सवयीनं हेपारिनकडे जातो. असाच एक विकार हेपारिन दिल्यानं होतो हे वैद्यकाला आधीपासून ठाऊक होतं. त्यामुळे या रुग्णांना हेपारिन टाळा, दुसरं रक्त पातळ करणारं औषध आणि शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन द्या, अशा सूचना निघाल्या. ब्रिटननं आधी तिशीच्या आतल्या आणि मग चाळिशीच्या आतल्या लोकांना शक्यतो दुसरी लस द्यायचं ठरवलं. धोका उघड बोलला गेला म्हणून उपाय सापडला. लस बदनाम होईल या भीतीनं सगळे गप्प बसले असते, तर चुकीच्या औषधानं आणखी माणसं गेली असती.

आपल्याकडे काय झालं? 17 मे 2021 ला केंद्राच्या समितीनं सांगितलं, की तपासलेल्या 498 गंभीर घटनांपैकी 26 मध्ये अशा गुठळ्यांची शक्यता आहे. हे सगळे कोविशिल्ड घेतलेले. प्रमाण 10 लाख डोसमागं 0.61. त्याच निवेदनात ब्रिटनचा आकडा 4 आणि जर्मनीचा 10 दिला होता. दक्षिण आशियाई लोकांमध्ये गुठळ्यांचं प्रमाण मुळातच कमी असतं, असं कारणही जोडलं होतं.

ते कारण खरं असू शकतं. पण मे 2021 कसा होता ते आठवा. डेल्टाची लाट टिपेला पोचली होती, खाटा नव्हत्या, प्राणवायू नव्हता. अशा वेळी तालुक्याच्या गावी एखाद्या बाईचं आठ दिवस डोकं दुखलं आणि ती घरीच गेली, तर तिच्या मेंदूचा एमआरआय कोण काढणार होतं? प्लेटलेट कोण मोजणार होतं? आपला आकडा लहान आहे तो धोका कमी म्हणून की नोंद कमी म्हणून, हे वेगळं काढता येईल अशी नोंदवहीच आपण ठेवली नव्हती. माझं सगळ्यात मोठं दुखणं हे आहे.

आणि म्हणूनच 2024 च्या एप्रिलमध्ये लंडनच्या न्यायालयातल्या कागदपत्रांची बातमी आली तेव्हा इथे एवढा हलकल्लोळ झाला. 'अत्यंत दुर्मीळ प्रसंगी हा विकार होऊ शकतो' हे अ‍ॅस्ट्राझेनेका कंपनीनं तिथं मान्य केलं होतं. तज्ज्ञ म्हणाले, यात नवीन काय? ही माहिती 2021 पासून जाहीर आहे. खरंच जाहीर होती. पण मी लस घेतली त्या केंद्रावर ताप येईल, हात दुखेल, पॅरासिटामॉल घ्या, अर्धा तास इथं बसा, एवढंच सांगितलं गेलं. पुढच्या तीन आठवड्यांत डोकं सतत ठणकलं, नजर अंधुक झाली, पाय सुजला, दम लागला तर लगेच या, हे मराठीत लिहिलेला साधा कागदही भिंतीवर नव्हता. दिल्लीच्या पत्रकात असलेली माहिती रांगेतल्या माणसापर्यंत पोचलीच नाही, तर त्याला तीन वर्षांनी फसवल्यासारखं वाटणारच. त्याला अडाणी म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही.

त्या गोंधळात आणखी एक सरमिसळ झाली. तरुण मुलांच्या हृदयाच्या स्नायूला येणारी सूज हा फायझर आणि मॉडर्नाच्या लशींचा नोंदलेला दुष्परिणाम आहे. त्या लशी आपल्या मोहिमेत कधी आल्याच नाहीत. पण अमेरिकेतल्या मुलांचे व्हिडिओ मराठी मथळे लावून आपल्या मोबाइलवर फिरले आणि ऐकणाऱ्याला वाटलं, हे आपल्याच लशीबद्दल आहे.

लशीवरचा अविश्वास मुंबईला नवा नाही. 1896 च्या प्लेगात वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले, ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या छोट्याशा जागेत त्यांनी लस बनवली आणि 10 जानेवारी 1897 ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या स्वेच्छेनं पुढं आलेल्या कैद्यांवर चाचणी झाली. पाच वर्षांनी, 1902 मध्ये, पंजाबातल्या मलकोवाल गावी एकाच बाटलीतून लस घेतलेली 19 माणसं धनुर्वातानं गेली. ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांना पदावरून दूर केलं गेलं. पुढं बारकाईनं पाहिल्यावर दिसलं, की गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. रोनाल्ड रॉस यांच्यासारखे शास्त्रज्ञ त्यांच्या बाजूनं उभे राहिले आणि 1907 मध्ये ते निर्दोष ठरले. त्यांच्या प्रयोगशाळेतून वाढलेल्या परळच्या संस्थेला 1925 मध्ये त्यांचं नाव दिलं गेलं.

मलकोवालचा उलगडा झाला, कारण कुठली बाटली, कुठलं गाव, कोणती माणसं याची नोंद होती. 19 मृत्यू 'नंतर'चे होते आणि 'मुळे'चेही होते. फक्त कशामुळे, ते चौकशीनं बदललं.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही नोंदीचंच महत्त्व सांगितलं. डॉ. जेकब पुलियेल यांच्या याचिकेवर 2 मे 2022 ला निकाल देताना न्यायालय म्हणालं, की सरकारचं लस धोरण अवाजवी नाही, पण कुणावरही लशीची सक्ती करता येणार नाही. शिवाय लोकांना आणि खासगी डॉक्टरांना दुष्परिणाम नोंदवता यावेत आणि ती माहिती नावं झाकून सगळ्यांना पाहता यावी, असंही सांगितलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारनं न्यायालयात भूमिका घेतली, की लस ऐच्छिक होती, म्हणून लशीनंतरच्या मृत्यूची भरपाई देण्याची जबाबदारी सरकारवर येत नाही.

कागदावर ऐच्छिक होती हे खरं. पण 15 ऑगस्ट 2021 पासून मुंबईत दोन डोस झाल्याशिवाय लोकलचा पास मिळत नव्हता. कल्याण-विरारहून रोजीसाठी येणाऱ्या माणसाला त्यात निवड कुठे होती? लसीकरण करायलाच हवं होतं असं माझं ठाम मत आहे, त्यानं असंख्य जीव वाचले. पण सगळ्यांच्या भल्यासाठी ज्यानं हात पुढं केला आणि दहा लाखांत एखादा म्हणून ज्याच्या वाट्याला दुर्दैव आलं, त्याच्या घरच्यांना सगळ्यांनी मिळून सांभाळायला हवं. ब्रिटननं असा कायदा 1979 मध्ये केला आणि तिथं लशीनं गंभीर इजा झाल्याचं ठरलं की 1 लाख 20 हजार पौंड मिळतात. ती रक्कम पुरेशी आहे की नाही यावर तिथं वाद आहेत. पण दार तरी आहे.

वाचकांना एक विनंती. पुढची कुठलीही लस घ्याल, मग ती बाळाची असो की फ्लूची, तर लशीचं नाव, बॅच क्रमांक आणि तारीख लिहून ठेवा. नंतरच्या चार आठवड्यांत काही गंभीर घडलं तर डॉक्टरांना लशीची माहिती स्वतःहून द्या आणि दुष्परिणामाचा नोंद अर्ज भरायला सांगा. तो सरकारी आरोग्य केंद्रातून जिल्हा लसीकरण अधिकाऱ्याकडे जातो. आणि घरातलं तरुण माणूस अचानक गेलं, तर फार कठीण आहे हे मला ठाऊक आहे, तरी शवविच्छेदनाला नाही म्हणू नका. त्या सांगलीच्या घरी ते झालं नव्हतं.