जुन्या एमपीएफआय गाडीचं अ‍ॅव्हरेज पडलं? सेन्सर बदलण्याआधी हे तपासून घ्या

मारुती ८०० चं उत्पादन २०१४ च्या सुरुवातीलाच थांबलं. तरी आठवडी बाजाराला, दवाखान्याला, लग्नकार्याला ही गाडी आपल्याकडे अजून निघतेच. २००० च्या सुमारास आलेली एमपीएफआय इंजिनची मॉडेलं आता वीस-पंचवीस वर्षांची झाली आहेत. त्यांच्या मालकांची एकच तक्रार असते, "आधी सतरा द्यायची, आता बारावर आली."

महिन्याला ६०० किलोमीटर फिरणाऱ्या माणसाला हा फरक १५ लिटरचा पडतो. आजच्या भावाने दीड हजार रुपयांच्या वर. मग गॅरेजला गेलं की 'सेन्सर गेला', 'ईसीएम गेला' असं म्हणून एकेक पार्ट बदलणं सुरू होतं. पाच-सात हजार जातात आणि अ‍ॅव्हरेज तिथंच.

पहिली गोष्ट म्हणजे अ‍ॅव्हरेज खरंच पडलंय का ते मोजा. 'पाचशेचं टाकलं, दोन दिवसांत संपलं' हे मोजमाप नव्हे. एका पंपावर टाकी फुल करा, नोझल पहिल्यांदा 'टक' करून बंद झालं की थांबा. मीटरचा आकडा लिहून ठेवा. दोन-अडीचशे किलोमीटर चालवून त्याच पंपावर, त्याच पद्धतीने पुन्हा फुल करा. चाललेल्या किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागा. असं दोन-तीनदा केलं की खरा आकडा कळतो. टायर बदलले असतील तर तेही लक्षात घ्या. १४५/७० च्या जागी १४५/८० चा टायर बसवला तर चाकाचा व्यास सुमारे ५.७ टक्क्यांनी वाढतो. गाडी जास्त चालते, मीटर कमी दाखवतं आणि दोष इंजिनला लागतो.

सध्या सगळं खापर इथेनॉलवर फोडायची पद्धत झाली आहे. त्यात तथ्य आहे, पण थोडं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात २० टक्के मिश्रणामुळे जुन्या चारचाकींचं अ‍ॅव्हरेज ६ ते ७ टक्के घटेल, असा अंदाज दिला आहे. म्हणजे सतराचं सोळा होईल. बारा झालं असेल तर उरलेलं कारण गाडीतच आहे.

आता पाना हातात न घेता होणारी तपासणी. पीयूसीची पावती आपण काचेमागे टाकून विसरतो, पण निदानासाठी ती फार कामाची असते. बीएस-२ आणि बीएस-३ पेट्रोल गाड्यांना कार्बन मोनॉक्साईडची मर्यादा ०.५ टक्के आणि हायड्रोकार्बनची ७५० पीपीएम आहे. इंजिन गरम असताना मोजून घ्या. कार्बन मोनॉक्साईड जास्त आला तर गाडीला हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जातंय. तो ठीक पण हायड्रोकार्बन जास्त, तर बहुधा मिसिंग आहे, म्हणजे प्लग आणि वायरी बघा. दोन्ही व्यवस्थित असतील तर जळण ठीक आहे, गाडी कुठंतरी अडकून चालतेय. अर्थात, नळी सायलेन्सरमध्ये न घालताच पावती मिळत असेल तर त्या आकड्यांचा उपयोग शून्य.

अडकून चालणं म्हणजे बहुतेकदा ब्रेक. चिखलमातीच्या रस्त्यांमुळे ड्रमची लायनिंग, हँडब्रेकची केबल, कॅलिपरच्या पिना जाम होतात. सपाट जागेवर, उरलेल्या चाकांना ओटी लावून, एकेक चाक जॅकवर उचला आणि गिअर न्यूट्रल ठेवून हाताने फिरवा. चाक मोकळं फिरलं पाहिजे. टायरमधली हवाही दारावरच्या स्टिकरप्रमाणे आहे ना ते बघा.

पेट्रोल जास्त जातंय असं पावतीने सांगितलं, तर आमच्या मते आधी बघायची जागा म्हणजे थर्मोस्टॅट व्हॉल्व. उन्हाळ्यात गाडी गरम झाली की व्हॉल्व काढून टाकायचा, हा आपल्याकडचा जुना उपाय. कार्ब्युरेटरच्या गाडीला तो कसातरी खपून जायचा. एमपीएफआयमध्ये पेट्रोल किती सोडायचं हे ईसीएम ठरवतो आणि त्यात इंजिनच्या पाण्याचं तापमान धरतो. व्हॉल्व नसेल किंवा उघडाच अडकला असेल तर पाणी लवकर तापत नाही. ईसीएमला वाटतं इंजिन अजून थंड आहे, आणि तो पेट्रोल वाढवून सोडत राहतो. जुन्या गाडीचा चोक ओढून ठेवल्यासारखं. गाव ते तालुका सहा-सात किलोमीटरच्या फेऱ्या असतील तर इंजिन तापायच्या आत प्रवास संपतो, आणि सगळी फेरीच जास्तीच्या पेट्रोलवर होते.

हे तपासायला पैसे लागत नाहीत. सकाळी थंड गाडी चालू करा आणि रेडिएटरच्या वरच्या पाइपला अधूनमधून हात लावा, पंख्यापासून हात लांब ठेवून. व्हॉल्व चांगला असेल तर पाइप काही मिनिटं गार राहतो आणि मग एकदम तापतो. सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत गेला तर व्हॉल्व गायब आहे किंवा उघडा अडकलाय. गरम गाडीचं रेडिएटरचं झाकण मात्र उघडू नका.

व्हॉल्व ठीक असेल तर तापमानाचा सेन्सर. बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डच्या काट्याचा आणि ईसीएमचा सेन्सर वेगळा असतो, त्यामुळे काटा बरोबर दाखवतो म्हणून निश्चिंत राहू नका. मल्टिमीटरवर या सेन्सरचा रेझिस्टन्स २० अंशांना साधारण दोन-अडीच हजार ओहम आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास यावा. गरम इंजिनवरही हजारोंत असेल तर तो बदला. त्याआधी कनेक्टर साफ करून बघा, कारण उंदीर आणि गंज यांनी केलेलं नुकसान सेन्सरच्या नावावर खपतं.

मग व्हॅक्यूमचे रबरी पाइप बघा. मॅप सेन्सरकडे जाणारा पाइप तडकला तर ईसीएमला इंजिनवर लोड आहे असं वाटतं आणि पेट्रोल वाढतं. ऑक्सिजन सेन्सरचा नंबर यानंतर. गरम इंजिनवर त्याचं व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या दरम्यान सारखं खालीवर व्हायला हवं. त्याच्या पुढचा सायलेन्सरचा जॉइंट फुटला असेल तर बाहेरची हवा आत शिरते आणि चांगला सेन्सरही चुकीचं सांगतो. मग सेन्सर बदलून काय उपयोग?

एअर फिल्टर स्वच्छ ठेवाच, पण त्याच्याकडून फार अपेक्षा नको. एमपीएफआयमध्ये तुंबलेला फिल्टर अ‍ॅव्हरेजपेक्षा पिकअप जास्त खातो. आणि कुणी स्क्रू फिरवून 'अ‍ॅव्हरेज सेट करून देतो' म्हणाला तर नको म्हणा. थ्रॉटलवरचा स्क्रू त्यासाठी नसतोच.

एका बाबतीत मात्र तपासण्या करत बसू नका. गाडीजवळ कच्च्या पेट्रोलचा वास येत असेल तर गाडी बंद ठेवा. वीस वर्षांपूर्वीचे रबरी पाइप इथेनॉलसाठी बनवलेले नव्हते, ते मऊ पडून झिरपतात आणि आग लागू शकते. आधी पाइप आणि क्लिपा बदलून घ्या, अ‍ॅव्हरेज नंतर मोजा.