शेपटीला चाक असलेलं विमान

आयसेलिनमध्ये राहणारा मराठी माणूस विमान घेतोय म्हटलं, की लोकांचा पहिला प्रश्न असतो, "एवढे पैसे आले कुठून?" आमच्या ओक ट्री रोडवर साड्या, सोनं, मिठाई सगळं मिळतं; विमान मात्र बड्या लोकांचं काम, हा समज पक्का आहे. म्हणून आधीच सांगतो. मी बोलतोय ते १९४६च्या आसपास बनलेल्या, दोन माणसांच्या छोट्या विमानाबद्दल. चालू स्थितीतलं असं विमान इथे साधारण नव्या एसयूव्हीच्या किमतीत मिळतं, आणि आम्ही तर ते भागीदारीत घेणार होतो. त्यातून कुठे लांब जायचं नव्हतं. शनिवारी सकाळी वारा शांत असताना तासभर उडायचं, कुठल्या तरी गवताच्या धावपट्टीवर उतरून थर्मासमधला चहा प्यायचा आणि जेवायच्या वेळेला घरी यायचं. बस्स.

यंदा त्यात एक गोष्ट वाढली. बाबा सहा महिन्यांसाठी इकडे आले. वय ऐंशी. तरुणपणी ते महाराष्ट्रातल्या एका फ्लाइंग क्लबात मेकॅनिक होते. 'पुष्पक' विमानांचा प्रोपेलर त्यांनी हाताने हजारदा फिरवला असेल, पण स्वतः विमानात बसून उडाले ते बोटांवर मोजण्याइतके वेळा. त्यांना एकदा शेजारी बसवून न्यायचं, हे मी मनाशी ठरवून टाकलं. परतीचं तिकीट ऑक्टोबरचं होतं.

ही विमानं इतकी स्वस्त का, त्याला कारण आहे. दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकी कारखानदारांना वाटलं, परत आलेला प्रत्येक वैमानिक आता घरचं विमान घेणार. १९४६ या एकाच वर्षात इथे तीस हजारांहून जास्त छोटी विमानं बनली. पुढच्याच वर्षी बाजार बसला, विमानं मात्र राहिली. साधी बांधणी, साधं इंजिन, म्हणून ती आजही दुरुस्त होतात आणि उडतात.

यातल्या बहुतेकांना पुढे चाक नसतं. दोन मोठी चाकं पुढे पंखांखाली आणि एक छोटं शेपटीखाली. याला इथे टेलव्हील म्हणतात. आपली हातगाडी आठवा. पुढून ओढली की मुकाट्याने मागे येते. मागून ढकलली की जरा नजर हटताच आडवी होते. टेलव्हील विमानाचं वजन मुख्य चाकांच्या मागे असतं, त्यामुळे उतरताना ते जरासं वळलं की आणखी वळायला बघतं. पायांनी वेळेवर सावरलं नाही, तर जागच्या जागी गर्रकन फिरतं. याला म्हणतात ग्राउंड लूप. म्हणून साधा परवाना असला तरी प्रशिक्षकाकडून वेगळी शिकवणी घेऊन लॉगबुकात तशी नोंद करून घ्यावी लागते. १५ एप्रिल १९९१च्या आधी ज्यांनी अशी विमानं चालवली आहेत, त्यांनाच यातून सूट आहे.

आता मुद्दा, घ्यायचं कोणतं? सगळ्यांच्या मनात आधी येतं ते पिवळं पायपर कब. पेनसिल्व्हेनियातल्या लॉक हेवनला बनलेलं, ६५ अश्वशक्तीचं, ताशी जेमतेम ७५ मैल. दार उघडं ठेवून संध्याकाळी शेतांवरून फिरावं तर यानेच. पण नावाचे पैसे पडतात. शिवाय यात एकामागे एक बसायचं, आणि एकटा उडवणारा मागे बसतो. पुढच्या सीटवर शिरायचं म्हणजे पंखाच्या टेकूखालून अंगाची घडी घालून आत जायचं. बाबांचे गुडघे पाहता कब तिथेच बाद झालं.

एरॉन्का चॅम्पमध्येही एकामागे एकच, पण वैमानिक पुढे बसतो, त्याला समोरचं छान दिसतं आणि चढणंही सोपं. शिकायला उत्तम. पण मला बाबा शेजारी हवे होते, पाठीमागे नाही. शेजारी-शेजारी बसायच्या विमानांत टेलरक्राफ्ट आहे, तेवढ्याच इंजिनावर कबपेक्षा बरंच वेगवान, पण आत दोन माणसं खांद्याला खांदा लावून. लसकोम्ब तर आमच्या न्यू जर्सीचं, वेस्ट ट्रेंटनला जन्मलेलं. धातूचं देखणं अंग, पण उतरताना पायांची परीक्षा घेणारं, अशी त्याची ख्याती. सेसना १४० म्हणजे १९४६चं, ८५ अश्वशक्तीचं, दोन्ही बाजूंना दारं, धातूचं अंग आणि मुख्य म्हणजे बटणावर सुरू होणारं. आणि शेवटी एरॉन्का चीफ.

चीफवर माझा जीव जडला होता, त्याचं कारण बाबाच. त्यांचं पुष्पक दिसायला आणि बांधणीला चीफचंच भावंड. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात ते तयार झालं, पहिलं उड्डाण सप्टेंबर १९५८. तिथल्या आराखड्यांचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे डॉ. विष्णू माधव घाटगे. जर्मनीत गॉटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट केलेला हा माणूस. १९५१ साली उडालेलं एचटी-२ हे शिकाऊ विमानही त्यांचंच, आणि तेही शेपटीला चाक असलेलं. आपल्याकडच्या वैमानिकांच्या एका अख्ख्या पिढीचे पाय या दोन विमानांवर तयार झाले. बाबा आजही 'घाटगेसाहेब' म्हणतात, जणू काल भेटले होते.

नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात एक चीफ विकायला होतं. बदामी आणि मरून रंग, आरशासारखं चकचकीत. मी बाबांना घेऊन गेलो. त्यांनी विमानाला एक फेरी मारली, पंखाच्या कापडावर बोटांनी हलकेच टिचक्या मारल्या आणि विचारलं, "वही कुठाय?" लॉगबुक आलं. मधल्या अकरा वर्षांची एकही नोंद नव्हती. मग त्यांनी पंखाखालचं तपासणीचं झाकण उघडायला लावलं आणि टॉर्च धरला. या विमानांच्या पंखांचा कणा लाकडाचा असतो. फासळीच्या खिळ्यांजवळ ओल लागून काळा पडलेला डाग होता.

"बाबा, पण किती पुष्पकसारखं दिसतंय!"

"म्हणूनच सांगतोय. रंग मालकासाठी असतो, वही मेकॅनिकसाठी. आणि मला सांग, प्रोपेलर कोण फिरवणार?"

तो प्रश्न नुसता खोचक नव्हता. या विमानात विजेची व्यवस्थाच नव्हती. एकाने बाहेर उभं राहून प्रोपेलर हाताने फिरवायचा आणि दुसऱ्याने आत ब्रेक दाबून बसायचं. दोघांपैकी एक ऐंशीचा असला, तर कोणाला कुठे उभं करणार?

तीन आठवड्यांनी एक सेसना १४० पाहिलं. रंग उडालेला, सीटा फाटलेल्या. पण १९४६पासूनची प्रत्येक नोंद जागेवर. पंखांवरचं मूळचं कापड काढून कोणीतरी पूर्वीच पत्रा चढवलेला, म्हणजे कापड बदलायचा खर्च नाही, पण वजन थोडं वाढलेलं. बाबांनी दाराखाली वाकून चाकांचे पाय जिथे अंगात शिरतात ती जागा न्याहाळली. ग्राउंड लूपचे जुने घाव तिथेच सापडतात. मग शेपटीत टॉर्च मारून गंज शोधला. रीतसर तपासणी आम्ही आमच्याच, विक्रेत्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडून करून घेतली. तेवढे पैसे खर्च केल्याशिवाय कोणीही जुनं विमान घेऊ नये.

आता थोडा हिशेब, कारण इथेच बरेच जण गोत्यात येतात. या विमानाचं कमाल वजन १४५० पौंड. आमचं रिकामं ९५० भरलं. उरले ५००. मी आणि बाबा मिळून ३०५. पूर्ण २५ गॅलन पेट्रोल म्हणजे १५० पौंड. तरी ४५ पौंड शिल्लक. पण माझे दोघे भागीदार एकत्र बसले तर त्यांचेच ४१०! मग पेट्रोल १५ गॅलनच भरायचं, म्हणजे राखीव सोडून जेमतेम दोन तास. दोन सीटा आहेत म्हणून दोन धष्टपुष्ट माणसं आणि भरलेली टाकी एकत्र चालतेच असं नाही.

आपल्या लोकांसाठी दोन-तीन गोष्टी मुद्दाम सांगतो. इथे विमान स्वतःच्या नावावर नोंदवायला नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. आम्ही चौघं होतो. एक जण कित्येक वर्षं एच-वन-बीवर रांगेत उभा आहे, त्याचं नाव घालता आलं नाही. तो मालकीत नाही, पण शनिवारच्या डब्यात आहे. दुसरं, वैद्यकीय दाखल्याची धास्ती असणाऱ्यांसाठी. स्पोर्ट पायलटला गाडीच्या लायसनवर उडता येतं, फक्त शेवटचा वैद्यकीय अर्ज नाकारला गेलेला नसावा. पूर्वी त्याला १३२० पौंडांची मर्यादा होती, त्यात चीफ आणि कब बसायचे, सेसना १४० नाही. २२ ऑक्टोबर २०२५पासून वजनाऐवजी विमान किती कमी वेगावर तरंगू शकतं ते पाहतात, त्यामुळे हेही चालतं. तिसरं, आमचा भाग नेवार्कच्या तीस सागरी मैलांच्या वर्तुळात येतो. मुळातच वीज नसलेल्या विमानांना इथे ट्रान्सपॉन्डरमधून बरीच सूट आहे, सेसनाला नाही. तो खर्च किमतीत धरा.

आणि हँगर आधी शोधा, विमान नंतर. आमच्या जवळच साउथ प्लेनफिल्डला हॅडली फील्ड होतं. १९२५ साली शिकागोकडे रात्रीची टपाल विमानं तिथून सुटायची. आज तिथे दुकानं आहेत. उरलेल्या विमानतळांवर छपराखालची जागा मिळणं विमान मिळण्यापेक्षा कठीण.

व्यवहार जुलैत झाला. विमा कंपनीची अट होती, प्रवासी बसवण्याआधी याच विमानावर प्रशिक्षकाबरोबर दहा तास. ऑगस्टचे तीन शनिवार पावसाने खाल्ले, एक वाऱ्याने. दहावा तास पूर्ण झाला तेव्हा बाबांच्या तिकिटाला तीन आठवडे उरले होते. घरी रोज एकच विचारणा, "घाई करू नकोस. वारा किती आहे?"

सप्टेंबरच्या एका रविवारी सकाळी सात वाजता वारा पडलेला होता. बाबा उजवीकडच्या दाराने, टेकूला हात देऊन स्वतःच चढले. बटण दाबलं, इंजिन सुरू झालं. आम्ही पस्तीस मिनिटं उडालो. खाली मक्याची शेतं, पलीकडे डेलावेअर नदीवर धुकं. मी दोनदा म्हटलं, "बाबा, खाली बघा." त्यांनी बघितलं, मान हलवली आणि नजर परत ऑइल प्रेशरच्या काट्यावर.

उतरल्यावर मला वाटलं काहीतरी बोलतील. त्यांनी खिशातून फडकं काढलं, इंजिनखाली वाकून बोट फिरवलं, वास घेतला आणि म्हणाले, "बरं आहे. गळती नाही. पुढच्या वेळी आईला घेऊन येतो."