सालेप : तुर्की हिवाळ्याचे पेय आणि त्यामागची आमरी

इस्तंबूलमध्ये थंडी वाढू लागली की बॉस्फरसच्या फेरीबोटींवर चहाच्या जोडीला सालेप विकायला येते. धक्क्याजवळच्या हातगाड्यांवर तांब्या-पितळेची तोटीची उंच भांडी दिसू लागतात. विक्रेता कपात वाफाळते, पांढरेशुभ्र, दाट दूध ओततो आणि वर दालचिनीची पूड भुरभुरतो. लोक कप दोन्ही हातांनी धरतात आणि घोटाघोटाने पितात. ते पेय घाईने पिता येतच नाही.

आपली बासुंदी आटवून दाट होते. सालेपला मात्र आटवण्याची गरज नसते. त्याचा दाटपणा येतो चिमूटभर भुकटीतून, आणि ती भुकटी येते आमरीच्या कंदातून. आमरी म्हणजे ऑर्किड. फुलवाल्याकडे मिळणाऱ्या शोभेच्या ऑर्किडपेक्षा या जाती वेगळ्या. ऑर्किस, अनाकॅम्प्टिस, डॅक्टिलोऱ्हायझा, सेरापियास अशा प्रजातींतल्या या आमरी तुर्कस्तानातल्या अनातोलियाच्या कुरणांत आणि विरळ रानांत, थेट जमिनीत वाढतात. कासच्या पठारावर पावसाळ्यात फुलणारी टूथब्रश आमरी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना अशा जमिनीवरच्या आमरीची कल्पना सहज येईल.

अशा झाडाच्या बुडाशी सहसा दोन कंद असतात. एक गेल्या वर्षीचा. यंदाचे फूल पोसता पोसता तो सुरकुतत जातो. दुसरा नवा, टणक, पुढच्या वर्षाची शिदोरी साठवणारा. वसंतात फुले आली की झाड ओळखू येते आणि तेव्हाच खणणारे हा नवा कंद काढून घेतात. कंद धुऊन पाण्यात, दुधात किंवा ताकात उकळतात, म्हणजे त्यांना पुन्हा कोंब फुटत नाही. मग दोऱ्यात ओवून वाळवतात. वाळलेले कंद इतके कडक होतात की ते चक्कीतच दळावे लागतात. कास्तामोनू, मूला, काहरामानमाराश हे भाग सालेपसाठी नावाजलेले आहेत.

या भुकटीत ग्लुकोमॅनन नावाचे कर्बोदक असते. ते स्वतःच्या वजनाच्या अनेक पट पाणी धरून फुगते, म्हणून थोड्याशा भुकटीने लिटरभर दूध दाट होते. पण थेट गरम दुधात टाकली तर प्रत्येक कण बाहेरून फुगतो, आत कोरडा राहतो आणि गुठळ्या होतात. म्हणून जाणकार आधी भुकटी साखरेत कोरडीच मिसळतात. 1 लिटर थंड दुधाला दोन लहान चमचे, म्हणजे साधारण 8 ते 10 ग्रॅम सालेप आणि चार मोठे चमचे साखर पुरते. मंद आचेवर हात न थांबवता ढवळत राहायचे. चमच्याच्या पाठीला दुधाचा थर चिकटू लागला की पेय तयार. चव सौम्य असते. दालचिनी तिला धार देते, काही जण सुंठही घालतात.

हाच चिकटपणा उन्हाळ्यात वेगळ्या रूपात भेटतो. काहरामानमाराशचे प्रसिद्ध आइस्क्रीम शेळीचे दूध, साखर आणि सालेप यांचे असते. लोखंडी दांड्याने कुटून ते इतके घट्ट करतात की सुरीने कापावे लागते. सालेपचे पेय तर सतराव्या-अठराव्या शतकांत लंडनपर्यंत पोचले होते आणि तिथल्या रस्त्यांवर विकले जात होते.

आता हिशेब मांडू. 1 किलो वाळलेल्या सालेपसाठी 1000 ते 4000 कंद लागतात. एका कपात 2 ग्रॅम धरले, तर एका कपामागे 2 ते 8 झाडे गेलेली असतात. भरपाईही संथ असते. आमरीचे बी धुळीइतके बारीक, त्यात रोपाला पुरेल असे अन्न नसते. मातीतली विशिष्ट बुरशी सोबतीला आली तरच ते रुजते आणि फुलायला वर्षे लागतात. फुलावर असतानाच झाड खणले, तर बीही धरत नाही. म्हणूनच तुर्कस्तानने सालेपची निर्यात बंद केली. पण मागणी थांबली नाही आणि तिची झळ शेजारच्या इराणमधल्या आमरींनाही लागली.

ही गोष्ट आपल्यापासून लांबची नाही. आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारी सालममिश्री याच घराण्यातली, आणि ती हिवाळ्यात दुधातून घेण्याची रीतही जुनी. हिमालयातला सालमपंजा म्हणजे डॅक्टिलोऱ्हायझाचाच कंद, आणि अतिखणणीमुळे तोही दुर्मीळ झाला आहे.

तुर्कस्तानात आता या आमरींची शेती करून पाहिली जात आहे. परंपरा टिकवायची असेल तर रस्ता तोच आहे. जंगलातून खणलेल्या कंदावर कोट्यवधींच्या शहराची तहान भागवणे कुठल्याच रानाला परवडणारे नाही. तोवर घरोघरी आणि तयार पाकिटांतून बनणारे स्टार्चचे सालेप कमी प्रतीचे मानू नये. 1 लिटर दुधात तीन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर ते थंड असतानाच कालवून, मंद आचेवर ढवळून, वर भरपूर दालचिनी घातली तर ते अस्सल सालेपइतके लवचिक होत नाही, पण ऊब तितकीच देते. खऱ्या सालेपचा मान राखायचा तर त्याची फुले आधी कुरणात राहायला हवीत.