गप्प मुलाभोवतीचे वातावरण

वर्गात गप्प बसणाऱ्या मुलाला आपण बहुधा ‘शहाणा’ म्हणतो. पण मैदानावर धावणारे मूल दोन आठवडे उलटले तरी खेळत नाही, चिडचिड करते, रोज पोट किंवा डोके दुखते म्हणते, तेव्हा ते नैराश्य असू शकते. मुलांचे नैराश्य पुष्कळदा रडण्याऐवजी रागातून दिसते.

त्याचे मूळ रक्तात की परिस्थितीत? जुळ्यांच्या अभ्यासांवरून प्रौढांच्या नैराश्यात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ३५ ते ४० टक्के निघतो. म्हणजे परिस्थितीचा वाटा मोठाच आहे.

हिंगोली जिल्ह्यातील साखरा (ता. सेनगाव) आणि त्यासारखी मराठवाड्यातील गावे डोळ्यांपुढे आणू. सोयाबीन हातचे गेले की कर्ज वाढते. त्यामागून घरात भांडणे, कधी दारू शिरते. कित्येक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. मूल बरोबर गेले तर शाळा आणि सवंगडी तुटतात. आजीजवळ राहिले तर आईवडील कित्येक महिने दिसत नाहीत.

हे बाहेरचे दुःख शरीरात कसे शिरते? धोका जाणवला की मेंदूतील हायपोथॅलॅमस पीयूषिका ग्रंथीला इशारा देतो, ती अधिवृक्क ग्रंथीला देते आणि रक्तात कॉर्टिसॉल वाढते. धोका टळला की ते उतरते. धोका रोजचाच असेल, तर ही घडी विस्कटते. झोप, भूक आणि अभ्यासातले लक्ष बिघडते.

अमेरिकेत फेलिटी, आंडा आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली नऊ हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी प्रसिद्ध केली. बालपणी मारहाण, आईवरील हिंसा, घरातील व्यसन असे अनुभव जितके अधिक, तितका पुढे नैराश्याचा धोका अधिक, असे तीत दिसले. एकच घटक सारे ठरवत नाही, बेरीज महत्त्वाची.

आणि बेरजेतून वजाबाकीही करता येते. विश्वासाचे एक मोठे माणूस मिळाले तरी मुलाला आधार होतो. ते माणूस शिक्षक का असू नये? मुलाशी चारचौघांत नव्हे, बाजूला घेऊन बोलावे. उपदेशापेक्षा ऐकावे अधिक. पालकांना दोष न देता घरी भेटावे. गरज वाटल्यास जिल्हा रुग्णालय गाठावे, किंवा २०२२ साली सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ला १४४१६ वर विचारावे. मूल मरणाची भाषा बोलले, तर त्याला एकटे सोडू नये. त्याच दिवशी मदत मिळवावी.

पाऊस आपल्या हाती नाही. हजेरी घेताना मान वर करून चेहरा पाहणे मात्र आहे.