विश्लेषण : पुलाचे मूळ नकाशेच सापडले नाहीत, तर तो किती भार पेलेल हे कसे ठरवतात?

१ ऑगस्ट २००७. अमेरिकेतील मिनिॲपोलिस शहरात संध्याकाळी ६ वाजून ५ मिनिटांनी, ऐन गर्दीच्या वेळी, मिसिसिपी नदीवरचा आय-३५ डब्ल्यू महामार्गाचा पूल कोसळला. १३ जणांचा मृत्यू झाला, १४५ जण जखमी झाले. पूल ४० वर्षांचा होता, काही ठिकाणी गंजलेला होता आणि त्यावर दुरुस्तीचे काम सुरू होते. त्यामुळे पहिला संशय साहजिकच गंजावर गेला. सव्वा वर्षाने तपास संपला तेव्हा मूळ कारण सापडले ते १९६० च्या दशकात काढलेल्या नकाशांच्या गठ्ठ्यात.

आपल्याकडे पूल पडला की ‘स्ट्रक्चरल ऑडिट’ हा शब्द दोन-तीन आठवडे सर्वत्र ऐकू येतो. पण ऑडिट करणारा अभियंता पुलापाशी जाण्याआधी कार्यालयात काय मागतो, हे फारसे लिहिले जात नाही. तो जुने नकाशे मागतो. ते का मागतो, आणि ते नसतील तर पुढे काय होते, हे समजून घ्यायला अमेरिकेतील ‘काऊंटी’च्या रस्ते-पुलांचे दप्तर हे चांगले उदाहरण आहे.

मिनिॲपोलिसच्या नकाशांत नेमके काय सापडले?

रेल्वेच्या जुन्या लोखंडी पुलाकडे पाहिले, तर चार-पाच तुळया जिथे एकत्र येतात तिथे रिव्हेटच्या डोक्यांनी भरलेला एक जाड पत्रा दिसतो. त्याला गसेट प्लेट म्हणतात. तुळयांमधला सगळा जोर या पत्र्यातून इकडून तिकडे जातो. आय-३५ डब्ल्यू पुलावर ‘यू-१०’ या क्रमांकाच्या सांध्यावरच्या प्लेटची जाडी नकाशात अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर होती. हिशेबाप्रमाणे ती साधारण दुप्पट हवी होती.

म्हणजे कंत्राटदाराने माल चोरला नव्हता. नकाशात जे लिहिले होते तेच त्याने तंतोतंत बसवले होते. चूक आखणीतच होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने (एनटीएसबी) आखणी करणाऱ्या कंपनीचे जुने दप्तर तपासले. त्यात इतर भागांची आकडेमोड होती, पण मुख्य सांगाड्याच्या गसेट प्लेटची आकडेमोड मिळाली नाही. नकाशा ‘काय बांधायचे’ ते सांगतो, आकडेमोडीचा कागद ‘इतकेच का’ ते सांगतो. इथे पहिला कागद होता, दुसरा नव्हता.

त्यात १९७७ मध्ये पुलाच्या पृष्ठभागावर काँक्रीटचा आणखी दोन इंचांचा थर चढला, १९९८ मध्ये कठडे आणि दुभाजकाचे काम झाले. दोन्ही वेळा वजन वाढले. दुर्घटनेच्या दिवशी दुरुस्तीसाठीची वाळू, खडी आणि यंत्रे नेमकी त्या कमजोर सांध्याच्या वरच्या भागात होती. २००३ मध्ये काढलेल्या छायाचित्रांत त्याच प्लेट किंचित वाकलेल्या दिसतात.

यातला मला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग वेगळाच आहे. या ४० वर्षांत पुलाची भारक्षमता काढली गेली होती, तपासण्याही होत होत्या. पण भारक्षमता काढताना तुळया मोजायच्या आणि सांध्यांच्या प्लेट गृहीत धरायच्या, असाच तेव्हाचा सर्वसाधारण प्रघात होता. स्थापत्यच्या पदवीला पोलादी सांध्यांची गणिते सोडवणाऱ्या कोणत्याही विद्यार्थ्याला समोर नकाशा ठेवून हे गणित करता आले असते. कोणी ते करायला सांगितले नव्हते. ही दुर्घटना झाल्यावर अमेरिकी महामार्ग प्रशासनाने गसेट प्लेटही तपासण्यासाठी स्वतंत्र मार्गदर्शन काढले.

काऊंटीचे पूल वेगळे कसे?

मिनिॲपोलिसचा पूल राज्याचा होता, मोठ्या कंपनीने आखलेला होता आणि त्याचे नकाशे शिल्लक होते. गावाबाहेरच्या ओढ्यावरच्या छोट्या पुलाचे नशीब इतके चांगले नसते. अमेरिकेत राष्ट्रीय नोंदीत सहा लाखांहून अधिक पूल आहेत आणि त्यातले जवळपास निम्मे काऊंटी, शहरे किंवा गावांच्या मालकीचे आहेत. काऊंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. आपल्याकडे जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग जी कामे पाहतो, तशी कामे तिथे काऊंटी अभियंत्याकडे असतात. ओहायो राज्यात तर बहुतेक काऊंट्यांमध्ये हा अभियंता चार वर्षांसाठी चक्क मतदानाने निवडला जातो. उमेदवाराकडे अभियंता आणि भूमापक असे दोन्ही परवाने असावे लागतात. (आपल्याकडे अशी निवडणूक झाली तर प्रचारात खड्डे सोडून दुसरा मुद्दा येणार नाही.)

या कार्यालयांतले नकाशे अपुरे असण्यामागे एक इतिहास आहे. १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात लोखंडी पूल अक्षरशः कॅटलॉगमधून विकले जात. ओहायोतल्याच क्लीव्हलँडची किंग आणि कँटनची रॉट आयर्न ब्रिज कंपनी अशा व्यवसायात होत्या. काऊंटीने लांबी-रुंदी सांगायची, कंपनीने सुटे भाग पाठवायचे. सविस्तर नकाशे कंपनीकडेच राहत. पुढे कंपन्या बंद पडल्या किंवा विकल्या गेल्या. कँटनची कंपनी १९०० मध्ये अमेरिकन ब्रिज कंपनीत विलीन झाली. पूल मात्र जागेवर उभे राहिले.

त्यानंतरच्या काळात राज्यांनी ठरावीक लांबीच्या पुलांसाठी प्रमाणित नकाशे काढले. त्याचा आज मोठा फायदा होतो. मूळ संच नसला तरी बांधणीचे वर्ष आणि गाळ्याची लांबी कळली, की त्या काळचा प्रमाणित नकाशा शोधून प्रत्यक्ष पुलाशी ताडून पाहता येतो.

एका संचात असते तरी काय?

पहिल्या पानावर कामाचे नाव, ठिकाणाचा नकाशा आणि सह्या. मग रस्त्याचा छेद, जमिनीचे चढउतार, परिमाणांचे तक्ते. पुलाच्या पानांवर पाया किती खोल, खालच्या मातीची चाचणी काय सांगते, कोणत्या जाडीची सळई किती अंतरावर आणि कुठे वाकवलेली. यातली शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची, कारण काँक्रीट ओतल्यावर सळई कायमची डोळ्यांआड जाते. बाहेरून दोन पूल अगदी सारखे दिसू शकतात आणि एकाची ताकद दुसऱ्याच्या निम्मी असू शकते.

जुन्या संचांचा कागदही एकसारखा नसतो. सुरुवातीला खळ दिलेल्या तलम कापडावर शाईने रेखाटन होई. त्याच्या प्रती म्हणजे ब्लूप्रिंट, निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषा. ही रासायनिक पद्धत जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधली. ब्लूप्रिंट उजेडात फिकट होत जाते. नंतर अमोनियाच्या वाफेवर निघणाऱ्या प्रती आल्या. आपल्या बांधकाम खात्यातल्या जुन्या लोकांना ‘अमोनिया प्रिंट’चा तो वास आजही आठवत असेल. पुढे न फाटणारी पॉलिस्टर फिल्म आणि मायक्रोफिल्म आली. कागद आणि कापड आकसते, म्हणून नकाशावर पट्टी ठेवून माप घेऊ नये, लिहिलेला आकडाच वाचावा, हा नियम प्रत्येक ड्राफ्ट्समन शिकतो. स्कॅन करतानाही हाच प्रश्न येतो. प्रतिमा थोडी जरी ताणली गेली तरी पट्टीचे माप चुकते.

शिवाय स्कॅन करून संगणकात टाकले म्हणजे दप्तर तयार झाले असे नाही. रस्त्यांची नावे बदलतात, पुलांचे क्रमांक बदलतात, ओढ्याला गावात एक नाव असते आणि कागदावर दुसरे. सूची नीट नसेल तर हजारो प्रतिमांतून हवे ते पान मिळणे अवघड. उंचीचेही तसेच. अमेरिकेत जुन्या नकाशांतली उंची १९२९ च्या आधारपातळीवरून, नव्यांतली १९८८ च्या पातळीवरून मोजलेली असते. दोन्हींतला फरक जागेनुसार बदलतो. पुराची पातळी एका मापाने आणि पुलाची दुसऱ्या मापाने घेतली, तर पूल पाण्याच्या वर आहे की खाली याचे उत्तरच चुकते. मुंबईत महापालिकेचे नकाशे ‘टाऊन हॉल डेटम’वर असतात, त्यामुळे इथल्या अभियंत्यांना ही डोकेदुखी नवी नाही.

नकाशे नसतील तर?

मग अंदाज, पण नियमाने बांधलेला अंदाज. अमेरिकी राज्य महामार्ग अधिकाऱ्यांच्या संघटनेच्या नियमपुस्तिकेत पोलादाची ताकद चक्क सालावरून धरायची सोय आहे. पूल १९०५ पूर्वीचा असेल तर दर चौरस इंचाला २६ हजार पौंड, १९०५ ते १९३६ मधला असेल तर ३० हजार, १९३६ ते १९६३ मधला असेल तर ३३ हजार आणि त्यानंतरचा असेल तर ३६ हजार. काँक्रीटसाठी १९५९ पूर्वी अडीच हजार, नंतर तीन हजार. म्हणजे पहिल्या पानावरची तारीख तेवढी वाचता आली, तरी हिशेब सुरू होतो.

काँक्रीटमध्ये सळई किती आणि कुठे आहे, हे मात्र सालावरून कळत नाही. त्यासाठी रडारसारख्या उपकरणाने वरून शोध घेतात, ठिकठिकाणी नमुने कापून काढतात, नाहीतर वजन भरलेले ट्रक पुलावर उभे करून तो किती वाकतो ते मोजतात. हे खर्चिक असते. काऊंटीकडे असे अनेक पूल असले तर सगळ्यांसाठी पैसा नसतो. म्हणून त्याच पुस्तिकेत एक पळवाट आहे. काँक्रीटच्या पुलाचे तपशील माहीत नसले, पण तो बराच काळ नेहमीची वाहतूक झेलत असला आणि त्याच्यावर त्रासाची लक्षणे दिसत नसली, तर भारमर्यादेचा फलक लावलाच पाहिजे असे नाही. व्यवहार म्हणून हे समजण्यासारखे आहे. पण ‘आजवर चालले’ हा पुरावा आजवरच्या वाहनांचा असतो, उद्या येणाऱ्या जास्त वजनाच्या डंपरचा नसतो.

सर्वांत मोठे कोडे पाण्याखाली

पायाचे तर सालावरूनही कळत नाही आणि वरूनही दिसत नाही. खांबाखाली खोलवर ठोकलेले पाइल आहेत की नुसता पसरट पाया, हे फक्त नकाशा सांगतो. ५ एप्रिल १९८७ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या माँटगोमेरी काऊंटीत स्कोहॅरी नदीवरचा महामार्गाचा पूल पुरात कोसळला. चार मोटारी आणि एक ट्रक पाण्यात गेले, १० जणांचा मृत्यू झाला. पाया पसरट होता आणि त्याभोवतीचे संरक्षक दगड नीट राखले गेले नव्हते, त्यामुळे पाण्याने खालची माती खरवडून नेली. पुलाची वरून तपासणी होत होती, पण पाण्याखाली उतरून पाया कोणी पाहिला नव्हता. चौकशीत कारणांना हातभार लावणाऱ्या गोष्टींमध्ये बांधकामाचे संदिग्ध नकाशे आणि तपशील यांचाही स्पष्ट उल्लेख झाला.

यानंतर पाण्याखालची तपासणी ठरावीक काळाने सक्तीची झाली आणि प्रत्येक पुलाच्या नोंदीत पायाच्या धुपीचा धोका लिहिला जाऊ लागला. ज्यांचा पायाच माहीत नाही अशांसाठी ‘यू’ (अननोन) हे अक्षर ठरले. या शतकाच्या पहिल्या दशकात असे पूल ६० हजारांहून अधिक होते. त्यांतले बरेचसे स्थानिक संस्थांचे.

महाराष्ट्रात काय?

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा १९२८ चा दगडी कमानींचा पूल पुरात वाहून गेला. दोन एसटी बसही गेल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्राने राष्ट्रीय महामार्गांवरील पुलांसाठी नोंद प्रणाली सुरू केली आणि त्यात सुमारे १ लाख ७२ हजार पूल-मोऱ्यांना क्रमांक मिळाले. पण ती महामार्गांपुरती. जिल्हा मार्ग, ग्रामीण रस्ते आणि पालिकांचे पूल तिच्या बाहेर राहिले. मूळ नकाशे नसलेल्या पुलाची क्षमता कशी काढायची, भारचाचणी कशी घ्यायची, याच्या मार्गदर्शिका इंडियन रोड्स काँग्रेसनेही काढलेल्या आहेत.

तुमच्या रोजच्या वाटेवरच्या पुलाचे काम पूर्ण झाल्यानंतरचे नकाशे कार्यालयात आहेत का, हे विचारण्याचा मार्ग माहिती अधिकार कायद्यात आहे. २००५ च्या या कायद्याच्या कलम २ (जे) नुसार नुसत्या प्रतीच नव्हे, तर काम, कागदपत्रे आणि अभिलेख प्रत्यक्ष पाहण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार मिळतो. सुरक्षेचे कारण देऊन काही तपशील नाकारले जाऊ शकतात. अमेरिकेतही ११ सप्टेंबर २००१ नंतर अनेक राज्यांनी पुलांचे सविस्तर नकाशे लोकांना देणे थांबवले. मात्र ‘नकाशे उपलब्ध आहेत की नाहीत’ एवढाच प्रश्न विचारला, तर त्यात सुरक्षेचा मुद्दा येण्याचे कारण नाही. अर्ज करताना पुलाचे नाव, रस्त्याचा क्रमांक आणि किलोमीटर लिहावा, शक्य असल्यास बांधणीचे सालही. साल पुष्कळदा कठड्यावरच्या दगडी पाटीवर कोरलेले असते.